पहिल्या संध्याकाळच्या भावंडांसाठी: सीमाभागातील यात्रा कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पंच मंडळी व सदस्य,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग आणि अथणी भागातील यात्रा व उरूस कमिट्या

स. न. वि. वि.

यात्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी ओट्या भरल्या जातात, दुपारी पाहुण्यांच्या पंगती उठतात आणि चारच्या सुमारास घरोघरची पोरे पाळण्यांकडे निघतात. मोठी माणसे पाहुण्यांत अडकलेली, म्हणून धाकट्यांना थोरल्यांच्या हवाली केले जाते. दादा गाडी काढतो, अक्का मागे बसते आणि दोघांच्या मधे सहा-सात वर्षांचे एक लेकरू. कुणी वडापने (माणशी भाड्याच्या जीपने) येतात, कुणी शेजारच्या गावाहून ट्रॅक्टरने. वडगावची मंगाई यात्रा असो, चिंचलीची मायाक्का असो की निपाणीचा उरूस, पाळण्यांच्या मैदानावर पहिल्या संध्याकाळी सर्वांत जास्त असतात ती अशी मोठ्या माणसांशिवाय आलेली भावंडे.

आणि पाळणे सर्वांत कच्चे असतात तेही त्याच संध्याकाळी. हे पत्र त्यासाठी आहे.

आम्ही उद्यमबाग आणि मच्छे भागात फिटर, वेल्डर आणि वायरमन म्हणून काम करणारे लोक आहोत. पाळणेवाल्यांबद्दल आमच्या मनात अढी नाही. ती कष्टाची माणसे आहेत आणि यातले बरेचसे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. अडचण आहे ती वेळेची, आणि ती वेळ तुमच्या हातात आहे.

तुम्ही मैदानाचा लिलाव करता. बोली चढते. जागा ताब्यात मिळते यात्रेच्या आदल्या दिवशी, कधी त्याच दिवशी सकाळी. पाळण्याचे सामान मागच्या गावच्या जत्रेतून ट्रकने निघालेले असते. ते रात्री उतरते, गॅसबत्तीच्या किंवा मोबाईलच्या उजेडात जोडले जाते, आणि ज्या पोरांनी रात्रभर पाने चालवले तीच पोरे संध्याकाळी पाचला तिकिटे फाडून लिव्हर ओढायला उभी राहतात. बोलीचे पैसे वसूल करायचे तर पहिली संध्याकाळ सोडून चालत नाही. मग पाळण्याची चाचणी कोण घेतो? पहिल्या फेरीत बसलेली लेकरे.

मोठा आकाश पाळणा, कोलंबस (मागेपुढे झुलणारे जहाज), ब्रेक डान्स (गरगरणाऱ्या बैठकांचा पाळणा), ड्रॅगन असे चार-पाच पाळणे असतील तर पहिल्या तिकिटाआधी निदान तीन पूर्ण दिवस जागा ताब्यात हवी. दोन दिवस उजेडी जोडणीसाठी, एक दिवस चाचणीसाठी. त्या तीन दिवसांचे भाडे घेऊ नका. देवस्थानाच्या उत्पन्नात तेवढी घट कमिटीने सोसली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जमिनीबद्दल. आपल्या जिल्ह्यात दोन टोकांना दोन जमिनी आहेत. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला जांभा आणि लाल माती, अथणी-रायबागकडे काळी. काळी जमीन उन्हात दगडासारखी वाटते, पण पाणी लागले की फुगते आणि मऊ होते. मैदानातला टँकर गळाला किंवा चहाच्या गाड्याचे सांडपाणी पाळण्याच्या एका पायाकडे वाहिले, तरी तेवढे पुरते. तो एकच पाय खचतो आणि चाक एका बाजूला झुकते. पश्चिमेकडे निराळा धोका. कापणीनंतरच्या भातशेतात मैदान केले असेल तर वरचा थर टणक आणि खाली ओल असते, आणि मोडलेल्या बांधावर टाकलेली भर कधीच नीट दबलेली नसते. पाण्याच्या लाइनसाठी खणून बुजवलेला चर त्याहून वाईट.

तपासणी सोपी आहे. पाळण्याचा प्रत्येक पाय जिथे टेकणार तिथे एका माणसाने पहार हाताने दाबून पाहावी. ती घाव न घालता फूटभर आत जात असेल तर तिथे पाय टेकू नये. पायाखालची लोखंडी पट्टी साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरची, म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर असते. तिच्याखाली एक मीटर लांबीचे आणि २५ सेंटिमीटर रुंदीचे चार लाकडी स्लीपर शेजारीशेजारी टाकले आणि त्यांवर दोन आडवे घातले, तर तेच वजन १०,००० चौरस सेंटिमीटरवर पसरते. जमिनीवरचा दाब अकरा पटीने उतरतो. स्लीपरऐवजी विटा किंवा दगड रचलेले दिसले तर काम थांबवा, कारण वीट हादऱ्याने फुटते आणि दगड सरकतो. पाणसळ दोन्ही दिशांनी लावून पाहावी: जोडणी झाल्यावर, पहिल्या तासाच्या फिरतीनंतर, मग रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर. मंगाईसारख्या आषाढातल्या यात्रेत पायांभोवती वीतभर खोल चर खणून पाणी बाहेर काढावेच लागते.

चाक तिरपे असले किंवा त्याचा तोल बिघडला की ते कळते. मोटर एका ठराविक जागी आल्यावर दमल्यासारखा आवाज करते आणि तिथून पुढे चाक आपोआप वेग घेते. हा आवाज जमिनीवर उभ्या माणसालाही ऐकू येतो. कमिटीच्या कार्यकर्त्याने तो ऐकायला शिकावे.

जोडणीत सर्वांत जास्त घात होतो तो पिनांचा. पाळण्याचे सांधे पिनांवर असतात आणि प्रत्येक पिनेला बाहेरून क्लिप किंवा स्प्लिट पिन लागते. प्रवासात क्लिपा हरवतात. मग त्या जागी बांधणीची तार, वाकवलेला खिळा किंवा वेल्डिंगच्या रॉडचा तुकडा येतो. तार हादऱ्याने घासून तुटते, क्लिप नसलेली पिन दर फेरीला केसभर बाहेर सरकते, आणि एका रात्रीत शेकडो फेऱ्या होतात. उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक पिनेशेजारी रंगाने आकडा टाकावा. एका फळीवर तेवढेच आकडे लिहून प्रत्येकाखाली एक क्लिप टांगावी. जोडणी झाल्यावर फळी रिकामी दिसली पाहिजे. नट-बोल्टांसाठी याहून सोपे: घट्ट आवळून झाल्यावर नट आणि बोल्ट या दोघांवरून पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. पाना न लावता, दहा पावलांवरून समजते.

वेल्डिंगची चीर डोळ्यांना सहज दिसत नाही. पण रंगाला पडलेली बारीक भेग आणि तिच्यातून खाली ओघळलेला तांबेरा दिसला, तर ती जागा संशयाची. नवा रंग फासलेला पाळणा पाहून निर्धास्त होऊ नका, उलट विचारा की रंग कधी आणि का दिला. संशयाच्या जागी रंग खरवडून डाय पेनेट्रंट चाचणी करता येते. जागा क्लीनरने पुसायची, लाल द्रव फवारून निदान दहा मिनिटे थांबायचे, वरचा लाल पूर्ण पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हे तीन डबे उद्यमबागेतल्या कित्येक कारखान्यांत असतात आणि ते वापरणारी माणसेही तिथेच आहेत. कमिटीने बोलावले तर ती यात्रेला आनंदाने येतील. मधला शाफ्ट, हब, डबे ज्या कानांवर लटकतात ते कान आणि कोलंबसचे वरचे आस, एवढ्या जागा तरी पाहाव्यात. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया येथे लोलकासारखा झुलणारा पाळणा तुटून माणसांसकट खाली आला. दोघांचा जीव गेला आणि पंचवीसहून अधिक जखमी झाले. तो तर रोज चालणाऱ्या, कायमच्या उद्यानातला पाळणा होता. दर पंधरवड्याला सोडून पुन्हा जोडल्या जाणाऱ्या पाळण्याची त्यामानाने किती जास्त काळजी हवी, याचा विचार व्हावा.

चाचणी वाळूच्या पोत्यांनी घ्यायची. बारा डब्यांच्या पाळण्यात प्रत्येकी चार माणसे धरली तर माणशी ७५ किलोप्रमाणे एका डब्यात ३०० किलो, म्हणजे ५० किलोची सहा पोती. एकूण ७२ पोती, ३,६०० किलो. एका ट्रॅक्टर ट्रॉलीत बसते एवढी वाळू गावात कुणाच्या तरी बांधकामावर पडलेली असतेच. आधी रिकामे चाक दोन्ही दिशांनी फिरवा, मग भरलेले अर्धा तास. नंतर शेजारशेजारच्या तीन डब्यांतच पोती ठेवून, ते डबे मधल्या शाफ्टच्या उंचीला एका बाजूला आले असताना मोटर बंद करून ब्रेक लावा. ब्रेकने ते ९०० किलो न घसरता धरले पाहिजे. टायर घासून फिरवले जाणारे चाक असेल तर टायरवर बादलीभर पाणी ओतून हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण पावसात तो टायर घसरतो. शेवटी जनरेटर बंद करा आणि चालकाला सांगा, आता वरचे डबे खाली आण. हाताने किंवा दोराने ते कसे आणतात हे त्याने करून दाखवावे. तोंडी उत्तर चालणार नाही. हे सगळे होताना कमिटीचा निदान एक पंच तिथे उभा हवा.

माणसे भरण्याच्या क्रमाकडेही बघा. गर्दीत चालक एकापाठोपाठ एक डबे भरतो. सलग सहा डबे भरले की एका बाजूला चोवीस माणसे, साठ किलोच्या सरासरीने १,४४० किलो, आणि समोरची बाजू रिकामी. असे चाक ब्रेकवर सगळा भार टाकते. बारा डब्यांचा बरोबर क्रम १, ७, ४, १०, २, ८, ५, ११, ३, ९, ६, १२ असा आहे, आणि उतरवण्याचाही तोच. डब्यांवर मोठे आकडे रंगवा आणि हा क्रम चालकाच्या डोळ्यांसमोर लावा. त्याला वेळ जास्त लागतो, हे खरे आहे.

याच वेळेचा हिशेब वाऱ्याशी जोडलेला आहे. एका डब्याला ४० सेकंद धरली तर पूर्ण चाक उतरवायला आठ मिनिटे लागतात. एप्रिल-मेच्या वळिवात पावसाच्या आधी धुळीची वावटळ येते आणि ढग दिसल्यापासून ती यायला कधी कधी तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर नाही, पहिला गडगडाट ऐकताच उतरवायला सुरुवात व्हावी. हवेवर फुगवलेला मिकी माउस असेल तर त्यातली पोरे सर्वांत आधी बाहेर काढा. तो वाऱ्याने मुळासकट उचलला जातो.

विजेचे थोडक्यात. जोडणी हेस्कॉमची (वीज कंपनीची) असो की जनरेटरची, प्रत्येक पाळण्याला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि त्याचे टेस्ट बटण रोज संध्याकाळी दाबून पाहावे. दाबल्यावर पडला नाही तर तो पाळणा बंद. लोखंडी सांगाड्याला दोन ठिकाणी अर्थिंग द्या. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत नुसती सळई ठोकून अर्थ मिळत नाही. खड्डा, कोळसा, मीठ आणि रोज बादलीभर पाणी लागते. टेप गुंडाळलेले सांधे चिखलात पडलेले दिसले तर वायरमनला तिथल्या तिथे बदलायला लावा.

आता भावंडांकडे येतो, कारण इतके सगळे ठीक असूनही एक अपघात होऊ शकतो आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसतो.

कोलंबस, ड्रॅगन, ब्रेक डान्स यांत दोघा-तिघांपुढे मिळून एकच आडवा दांडा येतो. तो खाली ढकलला की सर्वांत जाड मांडीवर अडतो. दादाची मांडी बाकापासून साधारण १५ सेंटिमीटर उंच, शेजारच्या सहा वर्षांच्या पोराची नऊ-दहा. दांडा दादाला घट्ट धरतो आणि पोराच्या मांडीवर पाच-सहा सेंटिमीटरची फट राहते. पोटापुढे तर त्याहून मोठी. कोलंबस वरच्या टोकाला पोचून परत फिरतो त्या क्षणी अंग हलके होते, बाकावरून उचलले जाते. मोठ्याला दांडा अडवतो. लहानगे त्या फटीतून वर उठते, किंवा भीतीने पाय ताठ करून दांड्याखालून पुढे घसरते. दादाने एका हाताने धरलेले असते, पण त्या झोक्यात २० किलोचे लेकरू एका हाताने धरून ठेवणे धडधाकट माणसालाही जमत नाही. दांडा लागला का, असे चालक विचारतो आणि दादा हो म्हणतो. दोघेही खरेच बोलत असतात.

म्हणून एका दांड्याखाली सारख्याच अंगाची माणसे बसवावीत. थोरले थोरल्यांबरोबर, धाकटे धाकट्यांबरोबर, आणि उंचीच्या खुणेखालचे लेकरू त्या पाळण्यात नाहीच. खूण कितीवर असावी ते पाळण्याच्या बनावटीवर ठरते. मालकाकडे पुस्तिका असते, त्यातला आकडा घ्या आणि तेवढ्या उंचीवर आडवी फळी ठोका. नुसती रेघ चालणार नाही, रेघेवर वाद होतो. फळीखालून पोर डोके न टेकवता गेले की वाद संपला. दांडा आल्यावर चालकाने प्रत्येकाच्या मांडीवर तळहात आडवा घालून पाहावा. तळहात सहज फिरला तर ती जागा बदलायची.

ब्रेक डान्समध्ये आणखी एक आहे. गरगरताना सगळे वजन बाहेरच्या कडेला फेकले जाते. धाकटे बाहेर आणि थोरला आत बसला तर थोरल्याचे पूर्ण अंग धाकट्याच्या बरगड्यांवर येते. दोघांची अंगे थोडीशीच वेगळी असली तरी जड असेल त्याला बाहेर बसवावे. कोलंबसमध्ये टोकाच्या बाकांना झोका सर्वांत मोठा, मधल्यांना कमी, म्हणून लहान अंगाची पोरे मधे. ओढणी कमरेला गाठ मारून, लांब केस बांधून, चपला खाली काढून. मांडीवर तान्हे घेऊन कुणीही कुठल्याही पाळण्यात बसू नये, आकाश पाळण्यातसुद्धा.

पण नियम लावून भागणार नाही. दादा धाकट्याला आपल्याबरोबर का बसवतो? त्याला त्या गर्दीत एकटे कुठे सोडणार, हा त्याचा प्रश्न खरा आहे. चालकाने नको म्हटले तर पोर रडते, मागची रांग ओरडते आणि चालक मान्य करतो. याला उत्तर कमिटीकडे आहे. प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या फाटकाशी एक बाक ठेवा, सावली आणि पिण्याचे पाणी ठेवा, आणि महिला मंडळाच्या दोघीजणींना तिथे बसवा. धाकट्याच्या मनगटावर चिठ्ठी, तिच्यावर थोरल्याचे नाव आणि फोन. एक भावंड बसून येईपर्यंत दुसरे बाकावर थांबेल, आणि थांबलेल्याला पुन्हा रांग न लावता पुढच्याच फेरीत घ्यायचे. म्हणजे अक्का आणि दादा दोघांनाही बसता येते. धाकट्याला त्याच तिकिटात लहान चक्रीची एक फेरी द्या, रडणे थांबते.

सूचनांचे फलक लागतात ते एकतर इंग्रजीत, जे मालकाने कुठल्या तरी शहरातून छापून आणलेले असतात, किंवा एकाच भाषेत. कर्नाटकात दुकाने-संस्थांच्या नामफलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याची तरतूद २०२४ पासून कायद्यात आहे. तेच प्रमाण सूचनांच्या फलकांना धरले तरी उरलेल्या ४० टक्क्यांत या सूचना मराठीत नीट बसतात. दोन्ही भाषा लिहा, बाजूला चित्र काढा, आणि भोंग्यावर दोन्ही भाषांत सांगा. चंदगड-गडहिंग्लजकडून आलेल्या पोराला कन्नड वाचता येत नाही आणि गोकाककडून आलेल्याला मराठी. दांडा दोघांच्याही मांडीवर तसाच अडतो.

शेवटचा भाग रस्त्याचा. माघात साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो, आणि चिंचली, रायबाग, चिकोडीच्या रस्त्यांवर रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. निपाणीच्या वरच्या तवंदी घाटाच्या उतारावर अवजड गाड्या असतात. अशा वेळी रात्री अकराला तिघे भावंडे एका मोटरसायकलवर परत निघतात. कायद्याने चालकामागे एकच जण बसू शकतो, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला हेल्मेट, चालकाला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. हे पोलिसांनी नाक्यावर सांगण्यापेक्षा तुम्ही आधी सोय करणे चांगले. बस आगाराला महिनाभर आधी लेखी कळवून पहिल्या दिवशी रात्रीच्या जादा गाड्या मागा. शेवटच्या गाडीची वेळ प्रत्येक तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तिच्या पाऊण तास आधी तिकिटे बंद करा. खिडकी उघडी असेपर्यंत पोरे निघत नाहीत. गाड्यांचा तळ मैदानाच्याच बाजूला हवा, म्हणजे लहान पोरांना हात धरून रस्ता ओलांडावा लागणार नाही.

पुढच्या लिलावाच्या अटींत घालण्यासाठी मजकूर देत आहोत, तो जसाच्या तसा घेता येईल:

“पहिल्या तिकिटाच्या तीन दिवस आधी जागा विनाभाडे ताब्यात दिली जाईल. जोडणी उजेडीच करावी. भारतीय मानक आयएस १५४७५ नुसार देखभाल होत असल्याचे कागद, पाळण्याची पुस्तिका आणि विद्युत तपासणीचा दाखला कमिटीकडे जमा करावा. वाळूच्या पोत्यांची चाचणी कमिटीच्या दोन प्रतिनिधींसमोर घेऊन दोन्ही बाजूंच्या सह्या कराव्यात. जोडणी करणाऱ्या कामगारांना चाचणीआधी रात्रीची पूर्ण झोप मिळेल अशी पाळी लावावी. सह्यांचा कागद तिकीट खिडकीवर लावल्याशिवाय तिकीट विकू नये. चाचणीत नापास झालेल्या पाळण्याचे भाडे कमिटी परत करेल.”

शेवटची अट आम्ही मुद्दाम घातली आहे. पैसे परत मिळणार असतील तरच मालक स्वतःहून म्हणेल की आज हा पाळणा फिरवत नाही.

आपल्या गावची चाचणी ठरली की दोन दिवस आधी उद्यमबागेत निरोप द्या. पाणसळ, पाने आणि ते तीन डबे घेऊन आम्ही येऊ. त्याचे पैसे नकोत.

कळावे,
आपले,
उद्यमबाग व मच्छे परिसरातील काही फिटर, वेल्डर आणि वायरमन